एकविसावा पाय

क्योतो शहरात १८८९ पासून हानाफुदा नावाचे, फुलापानांची चित्रे असलेले पत्ते करून विकणाऱ्या निंटेंडो या पेढीने १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येन किमतीची, पांढऱ्या व किरमिजी प्लॅस्टिकची एक आटोपशीर पेटी बाजारात आणली. तिचे नाव फॅमिली कॉम्प्युटर, आणि जपानी पोरांनी केलेला त्याचा संक्षेप फॅमिकॉम. त्या पेटीतून चित्र बाहेर पडण्यास वाट एकच होती: पाठीमागून निघालेली तार टीव्हीच्या अँटेनाच्या जागी जोडायची, आणि ही पेटी म्हणजे दूर कोठे तरी उभे असलेले एखादे प्रक्षेपण केंद्रच आहे अशी त्या टीव्हीची समजूत करून द्यायची. या गोष्टीला चाळीस वर्षे उलटून गेली, ती पेटी घडविणारे बहुतेक हात निवृत्त झाले, आणि ऑक्टोबर २००७ मध्ये सुटे भाग मिळेनासे झाल्याचे सांगून खुद्द निंटेंडोनेही तिच्या दुरुस्तीचे खाते बंद केले. तथापि जगाच्या पाठीवर अशी माणसे आहेत, की जी ती पेटी आजही उघडतात, तिच्यातील एका चिपेचा एक विशिष्ट पाय अलगद उचलतात, आणि तिच्या कर्त्यांनी घरगुती गिऱ्हाइकाला कधी दाखविलेच नव्हते असे स्वच्छ चित्र तिच्यातून बाहेर काढतात.

हा उद्योग वरवर पाहणाऱ्यास पोरखेळाचा वाटेल. मला त्याची गोडी लागली ती निराळ्याच कारणाने. एखाद्या यंत्राचे चित्र सुधारायचे म्हणणाऱ्यास, ते यंत्र मुळात काय दाखवीत होते, या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागते, आणि फॅमिकॉमच्या बाबतीत ते उत्तर भल्याभल्यांना देता आलेले नाही.

आपल्याकडे ही पेटी आली ती बहुधा तोतया वेषात. नव्वदीच्या दशकात जिल्ह्याच्या गावी वाढलेल्या कोणाही मराठी माणसास 'टीव्ही गेम' म्हटले, की भाड्याने आणलेली पिवळी कॅसेट, तिच्या पट्टीवर मारलेली फुंकर, आणि दिवाळीच्या सुट्टीत भावंडांत जॉयस्टिकवरून झालेली मारामारी आठवते; पण त्यांपैकी फार थोड्यांच्या घरी अस्सल जपानी यंत्र होते. ती होती नक्कल, आणि तिच्या पोटात असत त्या बहुधा तैवानच्या यूएमसी कंपनीने, पाल पद्धतीच्या देशांचा विचार करून घडविलेल्या चिपा. ही नक्कल कायद्याच्या दृष्टीने काय होती तो मामला मी येथे उकरून काढीत नाही. कारागिरीच्या दृष्टीने मात्र ती मोठी अकलेची होती. आपला टीव्ही सेकंदाला पन्नास वेळा चित्र आखणारा, जपानचा साठ वेळा. खेळ सगळे साठच्या हिशेबाने लिहिलेले. युरोपसाठी स्वतः निंटेंडोने केलेल्या यंत्रात मुख्य चिपेचाच वेग उतरविला गेल्यामुळे संगीताची लय तर मंदावलीच, पण सूरही स्पष्ट कळेल इतका खाली आला. तैवानी कारागिरांनी चिपेचा वेग जवळजवळ जपानीच ठेवला, सेकंदाला सुमारे १७ लाख ७३ हजार ठोके, मूळच्या १७ लाख ९० हजारांच्या जागी, आणि उरलेला काळ प्रत्येक चित्राच्या शेवटी रिकाम्या ओळींत घालविला. परिणाम असा, की सूर जागच्या जागी राहिला आणि लय तेवढी सुमारे षष्ठांशाने विलंबित झाली. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने मारिओ ऐकला तो त्या लयीत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, तिचे काम पुढे पडणार आहे.

आता त्या चिपेकडे वळू. फॅमिकॉमच्या रचनेची जबाबदारी मासायुकी उएमुरा या अभियंत्याकडे होती. हे गृहस्थ मूळचे शार्प कंपनीतले. प्रकाश ओळखणारे विद्युत्-घट निंटेंडोला विकता विकता ते निंटेंडोचेच झाले, आणि खेळण्यातल्या प्रकाश-बंदुका हे त्यांचे तेथील आरंभीचे काम. अध्यक्ष हिरोशी यामाउची यांचे फर्मान होते, की यंत्र स्वस्त असले पाहिजे, प्रतिस्पर्ध्याला वर्षभर तरी त्याच्या किमतीशी बरोबरी करता येता कामा नये. चिपा करून देण्यास रिको कंपनी तयार झाली, ती दोन वर्षांत तीस लाख नग उचलण्याची हमी मिळाल्यावर. त्या वेळी हा आकडा निंटेंडोच्याच नोकरांना वेडगळ वाटला होता. अशा कारभारात जेथे जेथे एक सुटा भाग वाचेल तेथे तो वाचविणे क्रमप्राप्त होते, आणि चित्राची चिप, म्हणजे चाळीस पायांची आरपी२सी०२, ही त्या काटकसरीचा उत्कृष्ट नमुना आहे.

रंगीत चित्राचे यंत्र म्हटले, की त्याच्या पोटात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन प्रवाह वाहत असणार, आणि शेवटी कोठे तरी ते एकत्र करून एका तारेने टीव्हीकडे धाडले जात असणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. आणि नंतरच्या यंत्रांत, म्हणजे १९८८ च्या सेगा मेगा ड्राइव्हमध्ये किंवा निंटेंडोच्याच १९९० च्या सुपर फॅमिकॉममध्ये, वस्तुस्थिती तशीच आहे. म्हणूनच त्या यंत्रांतून आरजीबी चित्र मिळविणे हे मुख्यतः योग्य तार शोधण्याचे काम ठरते. फॅमिकॉमच्या चिपेत मात्र ते तीन प्रवाह अस्तित्वातच नाहीत. तिच्या स्मृतीत रंगाचा असतो तो केवळ क्रमांक, आणि त्या क्रमांकावरून ती थेट अमेरिकी-जपानी एनटीएससी पद्धतीचा मिश्र संकेत, ज्याला कॉम्पोझिट म्हणतात तो, घडविते. कसा घडविते? तिच्यापाशी एक घड्याळ आहे. ते सेकंदाला दोन कोटी चौदा लाख सत्त्याहत्तर हजार ठोके देते, टीव्हीच्या रंगवाहक कंपनाच्या नेमके सहा पट. ठोक्याचा चढ आणि उतार दोन्ही मोजले, की रंगवाहकाच्या एका आवर्तनाचे बारा समान भाग पडतात. रंग बारा, भाग बारा. तांबडा हवा असेल तर दाब या भागात वर न्यायचा आणि सहा भागांनी खाली आणायचा. निळा हवा असेल तर तीच चढउतार आणखी काही भाग सरकवून करायची. उजेड कमीजास्त करण्यासाठी दाबाच्या चार पायऱ्या. एवढ्या सामग्रीवर, करडे-पांढरे धरून, पन्नासेक रंग उभे केले आहेत. गुळगुळीत लहरीच्या जागी काटकोनी खाचा पाठवाव्यात आणि टीव्हीने त्यांना लहर मानून घ्यावे, हा धीटपणा मला तरी थक्क करतो.

पण काटकसरीचे देणे कोठे तरी चुकवावे लागतेच. रंग नि:संशय ओळखण्यास टीव्हीला आवर्तनाचे बाराही भाग हवेत. आणि फॅमिकॉमच्या पडद्यावरचा एक ठिपका, ज्यांचे एका ओळीत २५६ असतात, तो आठच भागांत संपतो. म्हणजे टीव्हीला एका ठिपक्याचा रंग पुरता उमगण्यापूर्वीच दुसरा ठिपका सुरू झालेला असतो. म्हणून मारिओच्या विटांच्या कडेला नसलेल्या रंगाची झालर दिसते, म्हणून पांढऱ्या अक्षरांच्या काठावर बारीक कण सरकत असल्याचा भास होतो. या मिश्र संकेताला वर पुन्हा प्रक्षेपणाच्या लहरीवर बसविले, की त्यात खरखर मिसळते. जपानात त्यासाठी टीव्हीचा पहिला किंवा दुसरा चॅनेल वापरीत, आणि त्या चॅनेलांची कंपने नव्वद ते शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे एफएम रेडिओ वाजतो तेथे, पडतात. आपल्या जुन्या टीव्हींच्या चॅनेलांत ती जागाच रिकामी. तेव्हा कोणी आप्ताने हौसेने तोक्योहून अस्सल फॅमिकॉम आणला, तर येथे त्याला घेणारा टीव्ही नव्हता, आणि कसाबसा घेतला तरी एनटीएससीचे रंग पाल पद्धतीच्या संचाला वाचता येत नसल्यामुळे चित्र काळेपांढरेच दिसावयाचे.

पुण्यात माझे एक स्नेही आहेत, ज्यांनी आपले नाव छापू नये अशी अट घातली आहे, कारण नाव छापले की लोक मिक्सर घेऊन येतात असा त्यांचा अनुभव आहे. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत त्यांची हयात गेली. कपॅसिटरला ते अजून कंडेन्सरच म्हणतात, आणि सोल्डरला 'डाख' म्हणणारे त्या धंद्यात मला भेटलेले ते एकटेच. बुधवार पेठेच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून हव्या त्या मापाचा ट्रान्झिस्टर निवडून आणण्यात त्यांचा हात धरणारा मिळणार नाही. गेली काही वर्षे मुंबई-पुण्यातले हौशी लोक जपानहून मागविलेले फॅमिकॉम त्यांच्याकडे आणून देतात, आणि मी एकदा दुपारभर त्यांच्या टेबलाशी बसून ते काम पाहिले.

"पहिलं म्हणजे अ‍ॅडॅप्टर," ते म्हणाले. "अहो, अर्धी यंत्रं मेली ती अ‍ॅडॅप्टरनं. आतला आयसी कशाला मरतोय!"

फॅमिकॉमला हवा असतो दहा व्होल्टचा एकदिश प्रवाह, आणि त्यातही मधली सुई ऋण. जपानी अ‍ॅडॅप्टर शंभर व्होल्टच्या विजेसाठी केलेला. तो आपल्या दोनशे तीसच्या भिंतीत खुपसला की संपलेच. अमेरिकी यंत्राचा अ‍ॅडॅप्टर तर प्रत्यावर्ती प्रवाह देणारा, तो याला लावणे म्हणजे याचा वध करणे. हे सर्व तपासल्यावाचून ते स्क्रूला हात लावीत नाहीत.

झाकण निघाले की आत दोन पाट्या दिसतात. मोठीवर चिपा आणि कॅसेटचे खोबण. लहान पाटीवर वीज नियमित करणारा ७८०५, त्याला चिकटविलेला उष्णता पसरविणारा पत्रा, आणि पत्र्याच्या डबीत बंद केलेला तो मॉड्युलेटर, जो चित्राला प्रक्षेपणाचे सोंग देतो. आपल्याला या डबीला वळसा घालावयाचा आहे. चित्राच्या चिपेच्या चाळीस पायांपैकी एकविसाव्या पायातून कॉम्पोझिट संकेत बाहेर पडतो. तो पाटीवरच्या तांब्याच्या रेघेने मॉड्युलेटरकडे जात असताना वाटेत शेजारच्या रेघांतून धावणाऱ्या अंकीय संकेतांचा उपद्रव त्याला होतो, आणि पडद्यावर उभ्या फिकट पट्ट्या उमटतात. हौशी लोक त्यांना तुरुंगाचे गज म्हणतात. तेव्हा केवळ डबी टाळून भागत नाही, तो पायच रेघेपासून सोडवावा लागतो.

स्नेह्यांनी प्रथम त्या पायाच्या सांध्याला थोडा नवा डाख दिला. जुना डाख काढायचा असताना नवा कशाला, असे पाहणाऱ्यास वाटते; पण चाळीस वर्षांचा डाख नुसत्या उष्णतेने नीट वितळत नाही, नव्या डाखातील फ्लक्स मिळाला की तो वाहू लागतो. मग एका हातात तापलेली आयर्न, दुसऱ्यात पंप. बटण दाबले, चट् असा आवाज झाला आणि भोक मोकळे झाले. राहिलेला अंश तांब्याच्या वेणीने टिपून घेतला. यानंतर त्यांनी चिमट्याच्या टोकाने पायाला किंचित हलवून पाहिले, कारण पाय अजून एका बाजूस चिकटलेला असताना ओढला तर भोकाभोवतीचे तांब्याचे कडे उपटून वर येते, आणि ते पुन्हा बसविणे जिकिरीचे. पाय सैल असल्याची खात्री पटल्यावर तेवढा एकच पाय भोकातून वर उचलून, बाहेरच्या अंगास आडवा वाकवून घेतला. त्या मोकळ्या पायाला कवच असलेली बारीक तार. तारेच्या दुसऱ्या टोकाशी एक ट्रान्झिस्टर, काही रेझिस्टन्स आणि एक कंडेन्सर. एवढ्याने तो अशक्त संकेत टीव्हीच्या ७५ ओहमच्या दाराशी उभा राहण्याजोगा होतो. सर्व मिळून सामान शंभर रुपयांच्या आतले.

आवाजाची तजवीज निराळी. अमेरिकेत गेलेल्या यंत्राच्या ७२ टाचण्यांच्या खोबणीत ही सोय ठेवलेली नाही, पण जपानी फॅमिकॉमच्या साठ टाचण्यांपैकी दोन ध्वनीसाठी राखून ठेवलेल्या आहेत: यंत्राचा आवाज एकीने कॅसेटमध्ये जातो आणि दुसरीने परत येतो, म्हणजे कॅसेटला वाटल्यास तिने आपला स्वर त्यात मिसळावा. कोनामीच्या १९८९ च्या 'आकुमाजो देन्सेत्सु' या खेळाच्या कॅसेटमध्ये जादा तीन स्वर देणारी स्वतंत्र चिप आहे. आवाज चुकीच्या जागेवरून उचलला तर हे तीन स्वर कायमचे गमावतात, आणि गिऱ्हाइकास त्याचा पत्ताही लागत नाही. माझे स्नेही परतीच्या टाचणीनंतरच आवाज घेतात, आणि काम झाल्यावर तपासण्यासाठी तीच कॅसेट लावतात.

इतके झाले म्हणजे चित्र कॉम्पोझिट झाले. स्वच्छ, स्थिर, गजांवाचून. पण झालर आणि सरकणारे कण तसेच, कारण ते चिपेच्या जन्मजात हिशेबातले. त्यापलीकडे ज्यांना जायचे होते त्यांचा इतिहास काहीसा रक्तरंजित आहे. निंटेंडोने नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी, म्हणजे व्हीएस सिस्टिम आणि प्लेचॉइस-१० यांसाठी, याच चित्रचिपेच्या बहिणी करविल्या होत्या, आणि त्यांतून मिश्र संकेताऐवजी खरोखरीचे तांबडे-हिरवे-निळे बाहेर पडत असे. शार्पने १९८९ मध्ये काढलेल्या फॅमिकॉम टायटलर या, व्हिडिओवर अक्षरे टाकण्याच्या यंत्रातही अशीच चिप होती. चाळीस पाय, मांडणी जवळपास तीच. हौशी लोकांनी काय केले असेल ते उघड आहे: प्लेचॉइसच्या पाट्या विकत घेऊन त्यांच्यातील चिपा उपटल्या आणि घरच्या यंत्रांत बसविल्या. एका यंत्राचे डोळे सुधारावेत म्हणून दुसऱ्या, अधिक दुर्मीळ यंत्राचे डोळे काढण्याचा हा प्रकार मला आजही गुन्ह्याच्या जवळचा वाटतो. शिवाय त्याचे फळही निर्दोष नव्हते. त्या चिपेत प्रत्येक मूळ रंगाच्या आठच पायऱ्या असल्याने काही छटा घरच्या यंत्रापेक्षा उघड निराळ्या दिसत, आणि सबंध पडदा एखाद्या रंगाकडे झुकविण्याची जी युक्ती काही खेळ वापरतात, ती येथे भलतीच भडक होई. व्हीएस सिस्टिमच्या काही चिपांत तर चोरी टाळण्यासाठी रंगांचे क्रमांकच मुद्दाम उलटसुलट केलेले; तसली चिप घरच्या यंत्रात बसविणाऱ्याच्या पदरी हिरवे आकाश आले असल्यास नवल नाही.

फ्रान्सची गोष्ट याहून मौजेची. तेथे १९८० पासून विक्रीच्या टीव्हीवर एकवीस टाचण्यांचे पेरिटेल खोबण सक्तीचे होते, ज्याला इतरत्र स्कार्ट म्हणतात, आणि त्यातून आरजीबी घेता येई. म्हणून निंटेंडोने फ्रान्ससाठी आरजीबी देणारे यंत्र काढले. पण चिप तीच जुनी! मिश्र संकेत आधी तयार करायचा, मग आतल्याच एका पाटीने तो पुन्हा सोडवून तीन रंग वेगळे करायचे, आणि ते खोबणीतून पाठवायचे. म्हणजे कागदोपत्री आरजीबी, गुणाने कॉम्पोझिट. सरकारी नियमाची पूर्तता कशी करावी याचा तो एक सुंदर दाखला आहे. जपानातही दिसायला हुबेहूब तसेच एकवीस टाचण्यांचे खोबण होते, पण टाचण्यांचे वाटप निराळे. एकाची तार दुसऱ्यात बसते, आणि बसते म्हणून लोक बसवितात, आणि मग यंत्र स्नेह्यांच्या टेबलावर येते.

२०१० नंतरच्या दशकात या उपटाउपटीतून सुटण्याचा मार्ग निघाला, आणि तो बुद्धीला समाधान देणारा आहे. चित्रचिपेला चार पाय असे आहेत, की घरच्या यंत्रात त्यांना कामच दिलेले नाही. दोन चित्रचिपा एकमेकींना जोडून एकीने दुसरीला रंगाचे क्रमांक कळवावेत या हेतूने ते ठेवलेले दिसतात. नव्या पाटीवर मूळ चिप बसवितात, आणि पाटी मूळ चिपेच्या जागी. ही पाटी त्या चार पायांवरून क्रमांक ऐकते, त्याच वेळी खेळ रंगांची जी यादी चिपेला लिहून देतो तिची नक्कल आपल्यापाशी उतरवून घेते, आणि दोहोंचा मेळ घालून प्रत्येक ठिपक्याचा तांबडा-हिरवा-निळा स्वतः ठरविते. कोणाही यंत्राचा बळी न देता झालर गेली, कण गेले. याच मार्गाने पुढे जाऊन एचडीएमआय देणाऱ्या पाट्याही आल्या.

आणि नेमक्या याच ठिकाणी सगळा कज्जा उभा राहतो. पाटी रंग स्वतः ठरविते, तो कोणत्या आधारावर? 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ १३ सप्टेंबर १९८५ रोजी निघाला. त्यातील आकाशाच्या रंगाला चिपेत, सोळाच्या अंकपद्धतीने, २२ हा क्रमांक आहे. हा क्रमांक म्हणजे अमुक दाब, अमुक भागात वर आणि अमुक भागात खाली, एवढेच. त्याचा निळा कसा, जांभळट की स्वच्छ आकाशी, हे ठरवीत असे तो ज्याच्या त्याच्या घरचा टीव्ही. त्यातही एनटीएससी संचांवर रंगछटा फिरविण्याचे बटणच असे आणि ते प्रत्येक घरात निराळ्या जागी उभे असे. त्यामुळे आता रंगांच्या नाना याद्या प्रचलित आहेत, प्रत्येकीचे कैवारी आहेत, आणि ही आपलीच मूळची असा प्रत्येकाचा दावा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि १९६६ मध्ये पुरी केली; डॉ. सुकथनकरांना व त्यांच्या मागून आलेल्या संपादकांना नाना प्रांतींच्या, नाना लिप्यांच्या पोथ्या ताडून, त्यांच्या मागे उभा असलेला जुन्यात जुना पाठ गाठायचा होता. तो पाठ आज एकाही पोथीत अखंड सापडत नसला, तरी एके काळी कोठे तरी होता असे मानण्यास तेथे जागा होती. मारिओच्या आकाशाची स्थिती याहून बिकट आहे. येथे सगळ्या पोथ्यांच्या मागे मूळ रंग असा नाहीच. मागे आहे ती विजेच्या दाबाची एक चढउतार, आणि प्रत्येक टीव्ही हा तिचा एक स्वतंत्र, प्रामाणिक पाठ. म्हणून त्या पाटीच्या कर्त्यांनी रंगांच्या एकाहून अधिक याद्या आत भरून, त्यांत निवड करण्यासाठी बटण ठेवले, हे मला त्यांच्या विद्वत्तेचे लक्षण वाटते. एकच यादी भरून तीच खरी म्हणणाऱ्या पाटीवर मी विश्वास ठेवणार नाही.

स्वच्छ चित्र म्हणजे चांगले चित्र, हे गृहीतकही तपासून घेतलेले बरे. सेगाच्या १९९१ च्या 'सॉनिक द हेजहॉग'मध्ये पहिल्याच प्रदेशात धबधबे आहेत. ते कॉम्पोझिटवर पाहिले तर पाणी पारदर्शक, पलीकडचा डोंगर त्यातून दिसणारा. वस्तुतः मेगा ड्राइव्हला अर्धपारदर्शक काही काढताच येत नाही; चित्रकाराने एक आड एक उभ्या रेघा आखल्या, आणि कॉम्पोझिटच्या अंगच्या दोषाने त्या एकमेकींत मिसळून पाणी झाले. आरजीबीवर त्या रेघा रेघाच राहतात. जो दोष होता तो चित्रकाराच्या पेटीतला एक रंग होता, आणि सुधारकाने तो धुऊन टाकला. माझा कल त्यामुळे कॉम्पोझिटकडे झुकतो, निदान चित्रनळीचा टीव्ही शाबूत आहे तोवर.

पण चित्रनळीचे टीव्ही तरी किती उरले? सपाट पडद्याला हे जुने संकेत मुळी कळतच नाहीत. फॅमिकॉम दर वेळी २४० ओळींचे पूर्ण चित्र पाठवितो. पुष्कळसे नवे टीव्ही त्याला दुप्पट ओळींच्या चित्राचा अर्धा भाग समजतात, उरलेला अर्धा येण्याची वाट पाहतात, दोन्ही सांधतात, आणि या खटाटोपात हालणाऱ्या आकृतींच्या कडा फाटतात व बटण दाबल्यापासून मारिओ उडेपर्यंत जाणवण्याइतका काळ जातो. त्यावर उपाय म्हणून मध्ये ओळी वाढविणारी यंत्रे जोडतात. शिवाय फॅमिकॉम सेकंदाला ६० नव्हे, ६०.०९८८ चित्रे देतो; एचडीएमआयवरील टीव्हीला नेमकी ६० हवीत; म्हणजे दर दहा सेकंदांनी एक चित्र जादा. ते टाकून द्यायचे, की यंत्राचे घड्याळच किंचित मंद करायचे, यावरही दोन तट आहेत.

आणि बंदूक? 'डक हंट'मध्ये चाप ओढताच पडदा क्षणमात्र काळा होतो आणि पुढच्याच चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो; बंदुकीच्या नळीतील प्रकाश-घटाने त्या नेमक्या क्षणी तो उजेड टिपायचा असतो. चित्रनळीवर उजेड येतो तो संकेताबरोबरच. सपाट पडद्यावर तो रेंगाळत येतो, तोवर खेळाने नेम चुकला असे ठरवून टाकलेले असते. ज्या उएमुरांनी प्रकाश-घट विकत विकत या धंद्यात पाऊल टाकले, त्यांच्या यंत्रातून चित्र जसजसे सुधारत गेले तसतसे ते बंदुकीला आंधळे करीत गेले.

त्या दुपारी शेवटचे गिऱ्हाईक आले ते साताऱ्याकडचे, चाळिशीचे. त्यांच्या पिशवीत फॅमिकॉम नव्हताच. जत्रेच्या पेठेत घेतलेली ती जुनी नक्कल होती, तिचे झाकण रबरबँडने बांधलेले. चित्र चांगले करून हवे होते. स्नेह्यांनी उघडून पाहिले. सुदैवाने आत काळ्या डांबराच्या थेंबाखाली गाडलेली एकच चिप नव्हती; जुन्या धाटणीच्या, चाळीस पायांच्या दोन यूएमसी चिपा समोरासमोर होत्या. ते म्हणाले, एवढा खर्च करणारच आहात तर माझ्याकडचा एक जपानी फॅमिकॉम घ्या, चित्रही सरस आणि वेगही खरा. त्यांनी तो लावून दाखविला. मारिओ सुरू झाला, साठच्या लयीत. गृहस्थांनी जेमतेम पहिले कडवे ऐकले असेल.

"काका, हे पळतंय," ते म्हणाले. "आमचं असं नव्हतं."

"हेच खरं आहे हो."

"असेल. पण मला आमचंच नीट करून द्या."

स्नेह्यांनी यावर वाद घातला नाही. नकलेचे घड्याळ त्यांनी जसेच्या तसे राहू दिले, तिच्या चित्रचिपेचा एकविसावा पाय उचलला, ट्रान्झिस्टर आणि कवचाची तार घातली, वाळलेले दोन कंडेन्सर बदलले, आणि टेबलावरच्या जुन्या पाल टीव्हीला जोडून पाहिले. चित्रातले गज गेले होते. लय होती तीच होती. गृहस्थ पैसे विचारू लागले तेव्हा त्यांनी सामानाचे तेवढे घेतले, आणि घरचा चित्रनळीचा टीव्ही भंगारवाल्याला देऊ नका अशी ताकीद दिली. त्यावर तो आईच्या खोलीत अजून चालू आहे, बंदूकही आहे, तिची तार तेवढी उंदराने खाल्ली आहे, ती पुढच्या खेपेस घेऊन येतो, असे सांगून ते एसटी गाठायला गेले.